संज्ञेचं गाव

नववीत असताना मला उत्प्रेक्षा अलंकार एका शब्दावरून ओळखता यायचा. तो शब्द म्हणजे ‘गमे’. ओळीत ‘गमे’, ‘भासे’, ‘वाटे’, ‘जणू’ यांपैकी काही दिसलं की उत्प्रेक्षा. ‘सम’, ‘परी’, ‘वाणी’, ‘सारखा’ दिसलं की उपमा. शिकवणीच्या सरांनी फळ्यावर दोन रकाने आखून दिले होते. ओळ वाचायची गरजच नव्हती, नुसती नजर फिरवली की भागायचं. ‘गमे’ हा शब्द घरात, गल्लीत, बाजारात कुणाच्याही तोंडून मी ऐकला नव्हता. आजही ऐकलेला नाही. पण त्याच्या जिवावर मी मराठीत चांगले गुण मिळवले, आणि उत्प्रेक्षा म्हणजे काय हे मला पुढची पंधरा वर्षं कळलं नाही.

कळलं ते काकांच्या जुन्या जीपमुळे. लग्नाला निघालो होतो, मागे आम्ही सात जण कोंबलेले, आणि घाटात जीप कुरकुरायला लागली. मग टिंगल सुरू झाली. एक जण म्हणाला, ‘म्हाताऱ्या बैलासारख्या धापा टाकतेय.’ दुसरा म्हणाला, ‘जणू म्हातारा बैलच.’ तिसऱ्याला तेवढ्यावर समाधान नव्हतं : ‘अहो काका, ही जीप कसली, बैल आहे बैल!’ धाकटीने विचारलं, ‘आपण नक्की जीपमध्ये बसलोय ना, की बैलावर?’ कुणीतरी लगेच कहाणी रचली की मघाशी वळणावरच्या म्हाताऱ्याने आवाज ऐकून कडब्याची पेंढी पुढे केली होती. ‘बैल निदान चाबकाला भितो, ही तेवढंही करत नाही,’ असं मामा म्हणाले. शेवटी जीप थांबलीच, तेव्हा पुढून चुलतभावाने जाहीर केलं, ‘बैल बसला, उतरा!’ आणि काकू, ज्यांचं त्या जीपवर खरं प्रेम होतं, त्या गंभीरपणे म्हणाल्या, ‘काही म्हणा, आमच्या जीपसारखी आमची जीपच.’

उपमा, उत्प्रेक्षा, अपन्हुती, ससंदेह, भ्रांतिमान, व्यतिरेक, अतिशयोक्ती, अनन्वय. जीपमधल्या एकानेही अलंकारांचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. आठ वाक्यांत जीप तीच, बैल तोच. बदलत होती ती बोलणाऱ्याची खात्री. उपमा दोन गोष्टी शेजारी बसवते, पण मध्ये रिकामी जागा ठेवते. उत्प्रेक्षा म्हणते, कल्पना करतोय हं, तेवढी मुभा द्या. ससंदेहात बोलणारा उंबऱ्यावर उभा असतो. भ्रांतिमानात तो, किंवा कडबा घेऊन आलेला बिचारा म्हातारा, खरोखर फसलेला असतो. अपन्हुती मूळ वस्तूच नाकारते. ‘बैल बसला’ या वाक्यात तर जीप हा शब्दही उरलेला नाही, बैल या उपमानाने जीप हे उपमेय गिळून टाकलं. जुन्या शास्त्रात अतिशयोक्तीचा हा एक प्रकार मानतात, आपण शाळेत नुसती ‘फुगवून सांगणे’ एवढीच अतिशयोक्ती शिकतो. व्यतिरेकात उपमेय उपमानाच्याही वर जातं. आणि अनन्वयात माणूस हात टेकतो : हिला तोड नाही, म्हणून हिची तुलना हिच्याशीच.

म्हणजे ज्याला मी रकाने समजत होतो ती एक चढण होती. ‘हे त्याच्यासारखं आहे’ इथपासून ‘हे तेच आहे’ इथपर्यंत माणूस किती पायऱ्या चढतो आणि कुठल्या पायरीवर थांबतो, याचं मोजमाप. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ‘गमे’ शोधत बसलो नसतो.

या अनुभवानंतर मी एक सवय लावून घेतली. साहित्यातली कुठलीही संज्ञा समोर आली की तिची व्याख्या विचारण्याआधी तिचं गाव विचारायचं. ती कुणाला हवी होती? कुठल्या जागी, कुठल्या कामासाठी? आपल्या साहित्यसंज्ञांचा जो गोंधळ आहे, त्यातला पुष्कळसा गोंधळ वेगवेगळ्या गावांहून आलेल्या माणसांना एकाच बाकावर बसवून एकच गणवेश घातल्याचा आहे, असं माझं मत आहे.

अलंकारांचं गाव पंडितांची सभा. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येता येता ही संख्या शंभराच्या पुढे गेली. आपण याला पांडित्याचा अतिरेक म्हणतो, आणि थोडा तो आहेही. पण त्या सभेत तोलला जायचा तो सुटा श्लोक : चार चरणांत उभा राहणारा, मागचापुढचा आधार नसलेला. जिथे चार ओळींतच सगळा निकाल लागायचा तिथे ‘जणू’ आणि ‘च’ यांतला फरक सोनाराच्या काट्यावर मोजणं भाग होतं. हाच काटा घेऊन आपण मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेकडे गेलो तर फजिती होते. तिथे उपमेय कुठलं? माणूस? शहर? यंत्रयुग? कवितेने ते सांगितलेलंच नाही, आणि न सांगण्यातच तिचा जीव आहे. तिथे ‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ या, आजच्या अर्थाने इंग्रजी समीक्षेच्या वाटेने आलेल्या, संज्ञा लागतात. त्या नव्या म्हणून श्रेष्ठ नाहीत. त्या वेगळ्या कामासाठी घडल्या आहेत, इतकंच.

रसाचं गाव तर कविता नव्हेच, रंगमंच आहे. भरत रस समजावून देतो तो स्वयंपाकाच्या दाखल्याने : नाना पदार्थ, मसाले एकत्र येऊन जशी एक चव तयार होते तसा. त्याचे रस आठ. शांत हा नववा नंतर आला. पात्रं, प्रसंग, हावभाव, येणारे-जाणारे भाव, हे सगळं शिजून प्रेक्षकाच्या मनात जे उतरतं ते रस. आणि आम्हाला प्रश्नपत्रिकेत दोन ओळी देऊन ‘यातील रस ओळखा’ म्हणायचे. फोडणीतला मोहरीचा एक दाणा हातावर ठेवून आमटीची चव विचारण्यासारखं ते होतं.

संज्ञा गाव सोडतात, तेव्हा पुष्कळदा अर्थही बदलतात. संस्कृतात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं. मराठीत चरणाच्या शेवटी अक्षरं जुळली की यमक. त्याला संस्कृत शास्त्रकार अंत्यानुप्रास म्हणेल आणि आपलं बोलणं ऐकून बुचकळ्यात पडेल. ‘रूपक’ हा शब्द तर तीन-तीन नोकऱ्या करतो. एकीकडे अलंकार, दुसरीकडे नाट्यप्रकारांचं सामान्य नाव, म्हणून धनंजयाच्या ग्रंथाचं नाव दशरूपक, तिसरीकडे वि. स. खांडेकरांच्या रूपककथेतलं रूपक. आकाशवाणीवर ‘रूपक’ लागायचं ते आणखी चौथंच. आणि ‘कादंबरी’? बाणभट्टाच्या एका गद्यकाव्याचं आणि त्यातल्या नायिकेचं नाव. मराठीने आणि कन्नडनेही एका मुलीचं नाव उचलून अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. दरवेळी कादंबरी वाचायला घेताना मला याचा उगाच आनंद होतो.

वृत्तांकडे वळायला हवं, कारण खरी भीती तिथेच आहे. ‘गण पाडा’ म्हटलं की वर्गात शांतता पसरायची. पाडायचे म्हणजे काय पाडायचे, दात? पण त्या शास्त्रातल्या एका गोष्टीवर मी आजही फिदा आहे. यमाताराजभानसलगा. दहा अक्षरांची ही निरर्थक साखळी. कुठल्याही अक्षरापासून सुरुवात करून सलग तीन अक्षरं घ्या. य-मा-ता : लघु, गुरू, गुरू. तो यगण. एक घर पुढे सरका, मा-ता-रा : तिन्ही गुरू, मगण. ता-रा-ज तगण, रा-ज-भा रगण. असं सरकत सरकत स-ल-गा पर्यंत गेलात की लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या जेवढ्या जुळण्या शक्य आहेत तेवढ्या आठही येऊन जातात, एकही दोनदा येत नाही, आणि प्रत्येक गणाचं नाव त्याच्या पहिल्या अक्षरातच. कागद महाग आणि स्मरण स्वस्त असलेल्या काळातली ही खिशात मावणारी पट्टी आहे. या संज्ञांचं गाव पाठांतराची शाळा. ज्याला हजारो श्लोक तोंडी सांभाळायचे त्याला एखादं अक्षर निसटलं तर तिथल्या तिथे कळायला हवं; लघु-गुरूंचा क्रम मोडला की कळतं.

पण ही पट्टी संस्कृतच्या मापाची. मराठीत ती कधीकधी बसत नाही, आणि तिथेच मजा आहे. नियम सांगतो : जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं. ‘पुष्प’ म्हणा, ‘पु’वर जीभ आदळते. आता ‘तुम्ही’ म्हणा. लिहिताना जोडाक्षर आहे, पण ‘तु’वर काही आदळतं का? नाही. ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ यांतही नाही. म्हणून मराठीत ही अक्षरं लघुच राहतात. उलट ‘देव’ हा शब्द बोलताना आपण ‘देव्’ म्हणतो, शेवटचा अकार गिळतो. वृत्तात मात्र तो ‘व’ पुरा मोजतात. मराठी वृत्त म्हणजे बोललेली मराठी आणि लिहिलेली मराठी यांच्यातली एक रोजची तडजोड. हे सगळं नीट मांडून दाखवलं माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी. फारसी शिकवणाऱ्या, गझलेच्या नादी लागलेल्या या माणसाने ‘छंदोरचना’ लिहिली. १९३७ साली तिची वाढवलेली आवृत्ती निघाली. वृत्त, जाती आणि छंद असे तीन वेगळे संसार त्यांनी लावून दिले. अक्षरछंदात लघु अक्षरही म्हणताना लांबतं, गुरूच्या तोलाचं होतं, हे त्यांनी कानाने पकडलं.

ते खरं आहे हे मला माझ्या आजीमुळे माहीत होतं, फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं. ती जात्यावर बसायची नाही, तिच्या काळातच गिरणी आली होती. पण हळद दळायच्या दिवशी जातं निघायचं आणि तिची ओवी सुरू व्हायची. ‘छंद’ हा शब्द तिने फक्त ‘नसते छंद’ या अर्थाने वापरला. पण ओवीत कुठलंही अक्षर कमी पडलं तर ती मागचं ओढून पुरवायची, जास्त झालं तर दाबायची. दगडाचा फेरा थांबत नाही, शब्दाने जुळवून घ्यायचं. ओवीचं एक गाव ते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीचं दुसरं गाव १२९० सालची ज्ञानेश्वरी : तीन चरण जुळणारे, चौथा आखूड आणि मोकळा. बाई दळताना गाते ती आणि ज्ञानदेव गीतेवर बोलतात ती, दोघींचं नाव एकच. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतं. मला ते मराठीच्या इतिहासातल्या मोठ्या गोष्टींपैकी एक वाटतं.

गझलेचं गाव पुन्हा वेगळं : समोर बसलेली माणसं. या लेखापुरत्या दोन ओळी पाडतो, हसू नका :

दार मी लावून आलो, एक वारा राहिला
आवरूनी सर्व झाले, हा पसारा राहिला

‘राहिला’ हा दोन्ही ओळींत जसाच्या तसा येतो, तो रदीफ. त्याच्या आधी ‘वारा’, ‘पसारा’, तो काफिया. आणि ‘रा’च्या आधीचा ‘आ’ हा स्वर, तो अलामत. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, हे तिन्ही दोन्ही ओळींत सांगून टाकायचे. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. का? कारण मतला हा ऐकणाऱ्याशी केलेला करार आहे. त्यानंतर पहिली ओळ म्हटली की बैठकीतले लोक मनात काफिये शोधू लागतात : किनारा? इशारा? निखारा? कवीने त्यांच्या आधी आणि त्यांना न सुचलेल्या वाटेने तिथे पोचायचं. मी ‘कोपरा राहिला’ म्हटलं तर अलामत मोडते, आणि जाणकार बैठकीत कुणीतरी नाक मुरडतं. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती नव्या कवींना हा करार कळावा म्हणून. या संज्ञा कागदावर पाठ केल्या तर व्याकरण वाटतात. बैठकीत एकदा ऐकल्या की त्या वाट पाहायला लावण्याच्या युक्त्या आहेत हे कळतं.

मुक्तछंदाचा मात्र आपण पार विचका केला आहे. यमक नसलेलं काहीही आज मुक्तछंद म्हणून खपतं. कवी अनिलांनी ‘भग्नमूर्ती’ लिहिली तेव्हा त्या शब्दातल्या ‘छंद’वर त्यांचा तितकाच भर होता, ओळ लांब-आखूड होते, पण अक्षरगटांचा झोका सुटत नाही. झोका सोडायचा असेल तर जरूर सोडावा, पण मग त्याला गद्यकविता म्हणावं. दोरी कापलेल्या पतंगाला मुक्त म्हणता येतं, उडवतोय असं म्हणता येत नाही.

अभिधा, लक्षणा, व्यंजना यांच्याबद्दल थोडक्यात, कारण त्या तिघी कुठल्याही उपाहारगृहात भेटतात. वाढपी आत ओरडतो, ‘पाच नंबर चिडलेत!’ टेबल चिडत नाही, ही लक्षणा. शास्त्रात हिचं ठरलेलं उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचं आहे, पाण्यावर वाडा कसा राहील म्हणून काठ समजायचा. मला उपाहारगृहातलं जवळचं वाटतं. आणि आत मालक नुसता म्हणतो, ‘बारा वाजले’. घड्याळातली वेळ, ही अभिधा. पोऱ्या शटर अर्धं ओढतो, गिऱ्हाईक पाकीट काढतं, आचारी गॅस बंद करतो. एक वाक्य, तीन कामं, ही व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ज्या ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं, तो याच घराण्यातला.

आता नेहमीचा आक्षेप. कविता मनाने वाचावी, ही चिरफाड कशाला? आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांना शाळेने जखमी केलेलं असतं. संज्ञा न कळता कविता भिडते, यात वादच नाही. गाण्यात सम कुठे आहे हे न कळणाराही समेवर मान हलवतो. पण भिडल्यानंतर दोघांना बोलायचं असेल तर? ‘मला आवडली.’ ‘मला नाही बुवा.’ संपलं. त्याऐवजी एक म्हणाला, ‘इथे रूपक टिकत नाही, तिसऱ्या ओळीत कवीने स्वतःच त्याची उपमा करून टाकली,’ तर दुसऱ्याला त्या तिसऱ्या ओळीकडे जावंच लागतं. भांडण होईल, पण कवितेवर होईल.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी संज्ञेवाचून ऐकूच येत नाही. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) मध्ये यंत्र, शहर, गर्दी, घाण यांच्याबद्दल लिहिताना ओवी आणि अभंग हे घाट घेतले. अभंग म्हणजे काय? सहा-सहा-सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाची जुळणी, हे उत्तर बरोबर आहे आणि त्याने काहीच होत नाही. अभंगाचं गाव ज्याला माहीत आहे, म्हणजे टाळ, दिंडी, तुकारामांचा विठ्ठलाशी चाललेला तंटा, त्याच्या कानात ती चाल आधीपासून भरलेली असते. त्या चालीवर गिरणीचा भोंगा ऐकू आला की तो दचकतो. शब्दांत जे म्हटलेलं नाही ते चालीने म्हटलं : इथे देव होता. ही जागा ज्याला दिसत नाही त्याने कवितेचा निम्मा ऐवज वाटेत सांडला. गाव कळलं की परागंदा झालेला माणूसही ओळखता येतो.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘अलंकार ओळखा’ हा एक गुणाचा प्रश्न काढून टाका. त्याच्या जागी तीन गुणांचा एक प्रश्न घाला : ‘दिलेल्या ओळीतल्या अलंकाराचं नाव सांगा, तो काढून ती ओळ साध्या शब्दांत लिहा, आणि काय गेलं ते सांगा.’ नाव चुकलं तर अर्धा गुण कापा. बाकीचे अडीच गुण ‘काय गेलं’ याला ठेवा, आणि कुणी उत्तरात काकांच्या जीपचं उदाहरण दिलं तर ते बरोबर धरा.